सरकारी कंपनीचा मालक नक्की कोण? राज्य सरकार आपली महामंडळं कशी सांभाळतं त्याबद्दल सविस्तर

विट्याच्या एका मित्रानं प्रश्न टाकलाय, एमपीएससीचा अभ्यास करतोय तो. प्रश्न थोडक्यात असा की राज्य सरकारच्या एवढ्या कंपन्या आणि महामंडळं आहेत, ती खरी चालवतं कोण, मंत्री का आयएएस अधिकारी का बोर्ड? एसटी तोट्यात, महावितरणची ओरड, बाकीची कितीतरी नुसती नावाला, मग यांना जाब कोण विचारतं आणि जमत नसेल तर सरकार विकून किंवा बंद करून मोकळं का होत नाही?

मी सांगलीत सीए म्हणून प्रॅक्टिस करतो. राज्य सरकारच्या काही कंपन्यांची ऑडिटं केलीत, आणि दुसऱ्या काहींचे वर्षानुवर्षं रखडलेले हिशोब पूर्ण करायच्या कामातही होतो, त्यामुळं बाहेरून दिसतं त्यापेक्षा जरा वेगळं चित्र मला बघायला मिळालं. उत्तर लांब होईल, पण प्रश्न चांगला आहे आणि त्याला दोन ओळीत उत्तर देणं बरोबर नाही.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. मंत्री का अधिकारी या वादात फार हाती लागत नाही कारण दोघंही असतात आणि दोघंही बदलत राहतात. खरी अडचण अशी आहे की एकाच कंपनीच्या बाबतीत सरकार मालक असतं, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं, कर्ज देणारं किंवा कर्जाला जामीन राहणारं असतं, आणि धोरण ठरवणारंही तेच असतं. हे सगळं एकाच्याच हातात असायला माझी हरकत नाही, सरकारी कंपनी म्हटल्यावर ते येणारच. पण प्रत्येक भूमिकेचा हिशोब वेगळा आणि वेळेवर लिहिला गेला पाहिजे. तो लिहिला नाही की तोटा धंद्याचा, का सरकारनं पैसे दिले नाहीत त्याचा, का चोरीचा, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचा जाब विचारता येत नाही. म्हणून मला कुणी विचारलं की अमुक महामंडळ कसं चाललंय तर मी नफा-तोटा नंतर बघतो, पहिल्यांदा बघतो शेवटचे मंजूर हिशोब कुठल्या वर्षाचे आहेत.

आता प्रकार समजून घ्या, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "महामंडळ" हा शब्द आपण सरसकट वापरतो पण आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे स्वतंत्र कायद्यानं जन्माला आलेली. एसटी १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याखाली, एमआयडीसी १९६१ च्या कायद्याखाली, आपल्याकडचं कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ च्या कायद्याखाली. दुसऱ्या म्हणजे साध्या कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या कंपन्या, ज्यात सरकारचे ५१ टक्के किंवा जास्त शेअर्स असतात. महावितरण, महानिर्मिती, महापारेषण, एमटीडीसी, सिडको या सगळ्या कंपन्याच. सिडकोचा कारभार बघून लोकांना ते प्राधिकरण वाटतं पण १९७० साली ती कंपनी म्हणूनच नोंदवली गेली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ हीपण कंपनीच, त्यात राज्याचे ५१ आणि केंद्राचे ४९ टक्के. आणि हो, आपल्या भागात हमखास होणारी गल्लत म्हणजे साखर कारखाने. सहकारी कारखान्यात शासनाचं भागभांडवल असतं, शासनाची हमी असते, तरी ती सरकारी कंपनी नव्हे, तो १९६० च्या सहकार कायद्याचा विषय, मालक सभासद, ऑडिटची पद्धत वेगळी. जिल्हा बँकही तशीच. परीक्षेत हे नक्की विचारतील.

मग कंपनीचा मालक कागदावर कोण? शेअर्स राज्यपालांच्या नावावर असतात. सभासदांची किमान संख्या भरायची म्हणून एकेक दोनदोन शेअर्स अधिकाऱ्यांच्या नावावर, तेपण पदामुळं, बदली झाली की ते शेअर पुढच्याच्या नावावर करायचे. वार्षिक सभेला राज्यपालांच्या वतीनं एक अधिकारी पत्र घेऊन येतो आणि तो म्हणजे "शेअरहोल्डर". खाजगी कंपनीत शेअरहोल्डर स्वतःचे पैसे अडकलेत म्हणून प्रश्न विचारतो. इथं आलेला माणूस चांगला, हुशार असतो, पण त्याच्या टेबलावर इतर पन्नास विषय असतात आणि पुढच्या सभेला तो असेलच असं नाही. म्हणजे मालकी आहे पण तिची आठवण ठेवणारं कुणी नाही, हा पहिला दुवा निसटतो तो इथं.

बोर्डावर बघा. अध्यक्ष बहुतेक वेळा राजकीय नेमणूक, कधी स्वतः मंत्री. एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, आयएएस किंवा त्या खात्याचा वरिष्ठ अधिकारी, आणि छोट्या महामंडळात तर बऱ्याचदा अतिरिक्त कार्यभार, म्हणजे मूळ पोस्ट दुसरीकडं आणि सह्यांपुरता इकडं. बाकी संचालक पदसिद्ध, वित्त विभागाचा एक, संबंधित खात्याचा एक. प्रत्येक कंपनी एका खात्याच्या छत्राखाली असते, महाबीज हे बियाणे महामंडळ कृषीकडं, वन विकास महामंडळ वन विभागाकडं, एसटी गृह खात्याच्या परिवहन शाखेकडं. या खात्याला म्हणायचं प्रशासकीय विभाग. रोजचा कारभार एमडी बघतो, पण दर वाढवायचे, भरती करायची, वेतन आयोग लावायचा, जमीन द्यायची, मोठं कर्ज काढायचं असं काहीही असलं की प्रस्ताव प्रशासकीय विभागाकडं, तिथून वित्त विभागाकडं, मोठं असेल तर मंत्रिमंडळापुढं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: चालवतो एमडी, ठरवतं मंत्रालय, आणि सही बोर्डाची. बोर्डाला अधिकार नाहीत असं नाही, कायद्यानं पुरेपूर आहेत, पण बोर्डावर बसलेली माणसंच मंत्रालयातली असल्यामुळं ते वेगळं मत मांडायला बसत नाहीत. ओडिशा, कर्नाटक अशा राज्यांत सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळा विभाग आहे, आपल्याकडं मालकी खात्याखात्यात वाटलेली आहे. वेगळा विभाग केला की सगळं सुधारतं असं मी म्हणणार नाही, पण निदान कुठल्या कंपनीचे हिशोब किती वर्षं थकलेत एवढं सतत विचारत राहणारं एक टेबल तरी तयार होतं.

आता गिऱ्हाईक म्हणून सरकार. घरचं किराणा दुकान असलं आणि घरातले सगळेच सामान नेऊन खात्यावर मांडायला लागले, आणि वर्षाखेरीस घरच्यांनीच बसून दुकान तोट्यात आहे म्हणून चर्चा केली, तसं होतं हे. एसटीचं घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. योजना चांगल्या आहेत, जत-आटपाडीच्या बसमध्ये बसून बघा, बायका दवाखान्याला, बाजाराला एकट्या जायला लागल्यात, मला यात मनापासून आनंद आहे. पण त्या सवलतीचे पैसे सरकारनं एसटीला द्यायचे असतात, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. ती वेळेवर आली तर एसटीच्या दृष्टीनं ते भरलेलं तिकीटच. उशिरा आली की डिझेलवाल्याचं देणं, पीएफ, ग्रॅच्युइटी मागं पडतं. त्यात भाडं एसटीला स्वतःच्या मनानं वाढवता येत नाही, ऑक्टोबर २०२१ नंतर थेट जानेवारी २०२५ ला भाडेवाढ झाली, मधे तीन वर्षं पगार आणि सुटे भाग काही थांबले नव्हते. २०२५ च्या श्वेतपत्रिकेत एसटीचा साठलेला तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवलाय. त्यातला किती गैरकारभाराचा आणि किती सरकारच्याच धोरणाचा, हे वेगळं काढल्याशिवाय "एसटी तोट्यात" या वाक्याला अर्थ नाही.

दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ. कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी तालुक्यात न्यायचं, म्हणजे विजेचं बिल प्रचंड. योजना कृष्णा खोरे महामंडळाची, ते राज्याचं. वीज महावितरणची, तीपण राज्याची. पाणीपट्टी वसूल झाली नाही की बिल थकायचं, बिल थकलं की वीज तोडायची, पंप बंद, उभी पिकं वाळायची, मग मोर्चे, मग टंचाई निधीतून पैसे टाकून पंप सुरू. अनेक वर्षं हेच चाललं. म्हणजे राज्याच्या एका संस्थेनं राज्याच्या दुसऱ्या संस्थेचं बिल थकवलं म्हणून राज्याच्या तिजोरीतून पैसे द्यायचे आणि मधे शेतकरी तळमळायचा. नंतर ८१-१९ चं सूत्र आलं, वीजबिलाचा ८१ टक्के वाटा शासनाचा, १९ टक्के शेतकऱ्यांनी पाणीपट्टीतून द्यायचा. मला हा निर्णय आवडतो तो आकड्यासाठी नाही, तर सरकारनं आपला वाटा किती हे एकदा लिहून टाकलं म्हणून. आकडा पुढं कमी जास्त करता येईल, पण आता निदान कुणाकडं किती थकलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

वीजेच्या बाबतीत कायद्यानंच हे सांगितलंय. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६५ म्हणतं की राज्याला कुणाला सवलतीत वीज द्यायची असेल तर सबसिडीची रक्कम कंपनीला आगाऊ द्या. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज केली, तिथंही बिल शून्य होत नाही, ते फक्त शेतकऱ्याऐवजी सरकारच्या नावावर येतं. सरकारनं भरलं नाही तर तो बोजा कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीतल्या कारखानदाराच्या युनिटच्या दरात दिसायला लागतो. आणि कोयनेचं बघा, साताऱ्याच्या माणसाला तर हे पाठ पाहिजे. धरण जलसंपदा विभागाचं, वीजगृहं महानिर्मिती भाडेपट्ट्यानं चालवते, लाईन महापारेषणची, वीज घेऊन विकते महावितरण, आणि या सगळ्यांनी एकमेकांकडून किती घ्यायचं ते ठरवतो वीज नियामक आयोग. जवळजवळ १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, चारही ठिकाणी मालक राज्य सरकारच, तरी इथं भाडेपट्टा, निर्मितीचा खर्च, वहनाचा खर्च वेगवेगळा दिसतो कारण २००५ साली जुन्या वीज मंडळाचे तुकडे केले आणि आयोगापुढं दरवेळी कागद ठेवावे लागतात. त्या विभाजनाबद्दल लोकांचे आक्षेप आहेत, काही मलाही पटतात, पण हिशोब उघडे पडले हे मान्य करायला पाहिजे. आयोगापुढं कुणीही ग्राहक हरकत घेऊ शकतो, आपल्याकडचे उद्योजक घेतातही. बाकीच्या महामंडळांना असं बाहेरचं कुणी विचारणारं नाही.

मग जाब विचारतं कोण, तर कागदावर व्यवस्था भक्कम आहे. सरकारी कंपनीचा ऑडिटर कंपनी नेमत नाही, कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी देशाची स्वतंत्र यंत्रणा, नेमतं, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत. आम्ही ऑडिट करून रिपोर्ट दिला की तो महालेखापालांच्या, म्हणजे कॅगच्याच राज्यातल्या, ऑफिसला जातो, त्यांना साठ दिवसांत पुरवणी ऑडिट करून टिप्पणी करायचा अधिकार असतो. तिथून प्रश्न येतात, आमच्या भाषेत हाफ मार्जिन, त्याला उत्तरं द्यायची, पटलं तर निल कमेंट, म्हणजे काही टिप्पणी नाही, नाही पटलं तर कमेंट छापून येते आणि ती वार्षिक सभेपुढं जशीच्या तशी ठेवावी लागते. एसटीसारख्या महामंडळाचं ऑडिट तर कॅग थेट करतं. वार्षिक सभेनंतर तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या कामाचा अहवाल तयार करून कॅगच्या टिप्पणीसकट विधिमंडळापुढं ठेवायचा, आणि विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती सचिवांना, एमडींना बोलावून साक्ष घेते. ही साखळी मला खरंच चांगली वाटते, खाजगी कंपन्यांना एवढं कुणी तपासत नाही.

पण साखळीची पहिली कडी हिशोब तयार असणं ही आहे आणि तीच बऱ्याच ठिकाणी गायब असते. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून सभा होते, हजेरीवर सह्या होतात, हिशोब तयार नसतात, मग "लेखे प्राप्त झाल्यावर विचारात घेण्यात येतील" असा ठराव आणि सभा तहकूब. त्या वर्षाचे हिशोब पाचसात वर्षांनी येतात. तोपर्यंत एमडी कितीतरी बदललेले असतात, ज्यानं खर्च मंजूर केला तो रिटायर, ज्या आमदारांनी प्रश्न विचारायचे त्यांची टर्म संपलेली. कॅगनं काढलेली चूक शंभर टक्के बरोबर असली तरी ऐकायला खुर्चीत दुसराच माणूस असतो.

हे आतून कसं दिसतं त्याचं एक उदाहरण देतो, कर्ज वाटणारं एक महामंडळ होतं, नाव नको. मुख्य ऑफिसच्या लेजरमध्ये एका जिल्ह्याची येणं बाकी एक आकडा, जिल्हा ऑफिसच्या पुस्तकात दुसरा, आणि लाभार्थींच्या कार्डांची बेरीज मारली तर तिसराच. कार्डं लोखंडी कपाटात, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, काहींवर पावतीचा नंबर आहे तर तारीख नाही. आम्ही पावतीपुस्तकं आणि बँकेची स्टेटमेंटं समोरासमोर ठेवून एकेक एंट्री शोधत गेलो तेव्हा कळलं की लोकांनी भरलेले हप्ते बँकेत जमा झालेत पण कुणाचे ते न कळल्यामुळं सस्पेन्सला, म्हणजे धनी न सापडलेल्या रकमांच्या खात्यात, टाकून ठेवलेत. म्हणजे एका म्हाताऱ्या चर्मकार कारागिरानं सगळं कर्ज फेडलेलं, तरी त्याच्या कार्डावर थकबाकी आणि तिच्यावर व्याज चालूच, आणि त्यामुळं त्याच्या मुलाचा नवा अर्ज नामंजूर. हे बघितल्यावर मला ताळेबंद हा रुक्ष विषय वाटायचा बंद झाला. आणि पुढं काय झालं की सरकारनं त्या योजनेतली जुनी कर्जं माफ करायचं ठरवलं, महामंडळानं रक्कम मागितली, वित्त विभागानं लाभार्थीनिहाय यादी मागितली, यादी लेजरशी जुळेना म्हणून पैसे अडकले. दोष कुणा एकाचा नव्हता, जिल्ह्याला पूर्ण वेळ अकाउंटंटच नव्हता. पगाराचे पैसे वाचवायला पोस्ट रिकामी ठेवलेली आणि त्यापायी कितीतरी मोठी रक्कम वर्षानुवर्षं लटकलेली.

असाच एक कायमचा मुद्दा म्हणजे भागभांडवल. सरकार बजेटमधून भागभांडवली अंशदान म्हणून पैसे देतं, पण कंपनीचं अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर्स काढायची कमाल मर्यादा, तेवढं वाढवलेलंच नसतं, म्हणून शेअर्स देता येत नाहीत आणि रक्कम "वाटप व्हायचे शेअर्स" म्हणून वर्षानुवर्षं पडून राहते. मग सरकारच्या वित्तीय लेख्यात गुंतवणूक एक, कंपनीच्या पुस्तकात दुसरी. कॅगच्या रिपोर्टमध्ये हा फरक दरवेळी येतो. आपण किती पैसे घातलेत हे मालकाला आणि कंपनीला एकसारखं सांगता येत नसेल तर त्यावर परतावा किती मिळाला हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा?

सावकार म्हणून सरकारची गोष्ट थोडक्यात सांगतो. कंपनीनं बाजारातून कर्ज काढायचं आणि सरकारनं हमी द्यायची. कृष्णा खोरे महामंडळानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी असेच हमीचे कर्जरोखे काढून धरणं, कालवे सुरू केले. महामंडळाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे पाणीपट्टी, त्यातून मुद्दल सोडा व्याजही सुटणं अवघड, त्यामुळं फेड शेवटी राज्याच्या तिजोरीवरच. अशी कर्जं बजेटच्या आकड्यात दिसत नाहीत म्हणून सगळ्याच राज्यांना ती सोयीची वाटायची. २०२२ मध्ये केंद्रानं सांगितलं की जे कर्ज राज्याच्या बजेटमधून फेडलं जातं ते राज्याचंच कर्ज धरणार, तेव्हापासून ती वाट अरुंद झालीय. धरणं झाली नसती तर बरं, असं मी माण-खटावमध्ये किंवा आटपाडीत उभं राहून म्हणू शकणार नाही, पाण्यानं त्या भागाचं आयुष्य बदललं. फक्त ते सरकारचं कर्ज होतं तर सरकारचं म्हणूनच पहिल्या दिवसापासून लिहायला हवं होतं.

आता विकून टाका, बंद करा यावर. बंद करणं वाटतं तितकं सोपं नाही. कामगारांची देणी, कोर्टातल्या केसेस, जमिनीचे सातबारे, आणि पुन्हा तेच, कंपनी रीतसर गुंडाळायला हिशोब आजपर्यंतचे पूर्ण लागतात. हिशोब नाहीत म्हणून बंद करता येत नाही, आणि बंदच करायचीय म्हणून हिशोबाला माणूस मिळत नाही. काम थांबलेल्या कंपन्या त्यामुळंच वर्षानुवर्षं यादीत राहतात.

विकण्याबद्दल साताऱ्याचंच उदाहरण आहे आणि ते प्रत्येकानं वाचावं असं आहे. महाराष्ट्र स्कूटर्स. १९७५ साली राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून काढलेली कंपनी, महामंडळाचे २७ टक्के, बजाजचे २४, बाकी जनतेचे. साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया स्कूटर तयार व्हायची, घराघरात होती ती, आणि तिनं साताऱ्यात एक पिढी कामाला लावली. मागासलेल्या भागात उद्योग आणायचा, सरकारनं पैसा आणि पाठबळ द्यायचं, खाजगी कंपनीनं तंत्र द्यायचं, हा त्या काळचा विचार आणि तो इथं यशस्वी झाला. पण सुरुवातीच्या करारात असं होतं की एकानं शेअर्स विकायचे म्हटलं तर आधी दुसऱ्याला विचारायचं. २००३ च्या सुमाराला महामंडळानं विकायचं ठरवलं, दरावर एकमत होईना, लवाद नेमला, लवादानं २००६ मध्ये शेअरला १५१.६३ रुपये ठरवले, महामंडळ कोर्टात गेलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात महामंडळ हरलं. जून २०१९ मध्ये ते शेअर्स बजाज होल्डिंग्जकडं गेले. त्याच काळात बाजारात तो शेअर दोन हजारांच्या वर चालला होता, कारण कंपनीची खरी किंमत कारखान्यात नव्हती, तिच्याकडं असलेल्या बजाजच्याच शेअर्समध्ये होती. यात कायद्यानं कोण बरोबर याचा निकाल कोर्टानं दिलाय, त्यावर मला बोलायचं नाही. मला दिसतं ते असं की बाहेर पडायची अट कंपनी काढतानाच ठरते, ती लिहिणारे अधिकारी आणि ती भोगणारे अधिकारी यांच्यात तीस-चाळीस वर्षांचं अंतर असतं, आणि मधल्या काळात मालक म्हणून कुणी दरवर्षी विचारलं पाहिजे की आपल्या २७ टक्क्यांची आज किंमत काय आणि आपण ते का धरून बसलोय. तो प्रश्न विचारायला कुणाची नेमणूकच नव्हती.

बरं, मग काय करावं हे कंपनीवर अवलंबून आहे, सगळ्यांना एक औषध चालणार नाही. महाबीज शेतकऱ्याला बियाणं विकतं, बाजारात खाजगी कंपन्यांशी टक्कर घेतं, त्याला धंद्याच्या मापानं मोजा. अण्णासाहेब पाटील महामंडळ बँकेच्या कर्जावर व्याज परतावा देतं, आपल्या भागातल्या कितीतरी पोरांनी त्यातून ट्रॅक्टर, टेम्पो घेतलेत, त्याला नफा विचारणं चूक आहे, तिथं विचारा की परतावा किती दिवसांत मिळाला आणि सुरू केलेले धंदे तीन वर्षांनी चालू आहेत का. शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र रांजणीला आहे, दहिवडीला आहे, तिथं विचारा मेंढपाळाला चांगला नर वेळेवर मिळतो का. आणि जिथं सरकार सवलत द्यायला लावतं तिथं आधी सरकारची प्रतिपूर्ती बाजूला काढा, मग उरलेल्या तोट्याचा जाब एमडीला विचारा. एमडीलाही किमान तीन वर्षं द्या, नाहीतर तो जाब तरी कुठल्या कामाचा देणार. खाजगीकरण करावं का हा प्रश्न मी या सगळ्यानंतरचा मानतो, कारण ज्या कंपनीची पुस्तकंच पूर्ण नाहीत ती विकली तर किंमत विकत घेणारा ठरवतो.

तुम्ही अभ्यास करताय म्हणून शेवटी बघायचं कुठं ते सांगतो. कॅगचे महाराष्ट्राच्या सार्वजनिक उपक्रमांवरचे रिपोर्ट मराठीतही मिळतात, त्यात हिशोब थकलेल्या कंपन्यांची यादी परिशिष्टात असते, तिथून सुरुवात करा, मुख्य मजकूर नंतर. एखादी कंपनी निवडा आणि कंपनी खात्याच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिची कागदपत्रं बघा, ऑडिट रिपोर्टमधला "क्वालिफाइड" भाग, म्हणजे ऑडिटरनं आक्षेप नोंदवलेला भाग, आणि त्याखालची कॅगची टिप्पणी एकत्र वाचा, मग ताळेबंदात "शासनाकडून येणे" ही ओळ शोधा आणि मागच्या वर्षाशी ताडून बघा. पोर्टलवर नसेल तर माहिती अधिकारात मागा, महामंडळांना तो लागू आहे, अर्जात "शेवटच्या मंजूर लेख्यांचं वर्ष आणि वार्षिक सभेची तारीख" एवढंच विचारलं तरी पुरतं. पहिली कंपनी म्हणून मी महापारेषण किंवा महानिर्मिती सुचवीन, तिथं कागद व्यवस्थित असतात म्हणून रचना लवकर समजते, त्यानंतर एखादं छोटं महामंडळ घ्या. वाचताना अडलात तर कंपनीचं नाव आणि कुठल्या वर्षाचे हिशोब ते लिहून खाली विचारा, मी बघून उत्तर देतो.